विमानं भरलेली असतात, मग विमान कंपन्या बुडतात कशा?

खिडकीपाशी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, आधी कुणी धागा काढला असेल तर लिंक द्या. विमान कंपन्या एवढ्या बुडतात का? पॅन ॲम, स्विसएअर, किंगफिशर, जेट, गो फर्स्ट, यादी काढायला बसलं तर संपतच नाही. आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच कंपन्यांची विमानं अगदी अखेरच्या काळातही चांगली भरून जात होती, तिकिटाचे पैसे तर आपण महिना महिना आधी मोजतो, उधारी नाही की काही नाही. गिऱ्हाईक माल मिळायच्या आधी पैसे देतंय आणि तरी धंदा बसतो, हे काही माझ्या पचनी पडत नाही. पेपरात कारण वाचावं तर दरवेळी तेच, इंधनाचे दर आणि वाढता तोटा. अहो पण इंधन सगळ्यांनाच महाग असतं ना, मग एक तग धरते आणि तिच्याच बाजूच्या गेटवरून उडणारी दुसरी गाशा गुंडाळते, असं का? जाणकारांनी जरा हात सैल सोडून लिहा. 'मालक चोर होता' हे उत्तर आलेलं आहे, त्याच्या पुढचं हवंय.

ताळेबंद:

नुसत्या तोट्याने विमान कंपनी मरत नाही हो, तोटा तर वर्षानुवर्षं रेटतात, मरते ती हातातली रोकड संपली की. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही, हे या धंद्यात शंभर टक्के लागू.

आता ते आगाऊ पैशाचं. जुलैचं तिकीट एप्रिलमध्ये विकलं तर हिशोबाने ते पैसे कंपनीचे झालेलेच नसतात, विमान उडेपर्यंत ते प्रवाशाचं देणं असतं. पण खात्यात तर आलेले असतात, मग त्यातून एप्रिलचं इंधन भरायचं, पगार करायचे आणि जुलै उजाडला की ऑक्टोबरची तिकिटं विकून जुलैचा खर्च भागवायचा. विक्री वाढती आहे तोवर हे झकास चालतं, बाहेर कुणाला कळतही नाही. पण एकदा का 'कंपनी डळमळतेय' अशी कुजबुज सुरू झाली की लोक पुढच्या तारखांची तिकिटं घ्यायचं थांबतात आणि त्याहून वाईट म्हणजे कार्डाचे पैसे वळते करणारी कंपनी म्हणायला लागते की विमान उडाल्यावरच पैसे देऊ, कारण उद्या हे बुडाले तर प्रवाशांचे परतावे तिच्या गळ्यात येतात. 2008 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फ्रंटियरचं नेमकं हेच झालं, कार्डवाल्यांनी पैसे अडवून धरणार असं कळवलं आणि त्यांना तडक दिवाळखोरी कोर्टात जावं लागलं. (ती वाचली, पुढे बरीच वर्षं उडत राहिली.) पण त्याच सुमाराला अलोहा, एटीए आणि स्कायबस अशा तीन कंपन्या एका आठवड्याच्या आत बंद पडल्या. तेल तेव्हा भडकतच चाललं होतं, जुलैमध्ये पिंपामागे 147 डॉलरपर्यंत गेलं.

स्विसएअरचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावं असं आहे. 'उडती बँक' म्हणायचे तिला, इतकी पैसेवाली. 1992 मध्ये स्विस जनतेने मतदान करून युरोपियन आर्थिक क्षेत्रात जायला नकार दिला, त्यामुळे युरोपच्या खुल्या बाजारात आपण एकटे पडणार ही धास्ती बसली, मग मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या सल्ल्याने 'हंटर' नावाचं धोरण आखलं आणि इकडच्या तिकडच्या कंपन्यांत हिस्से घेत सुटले. बेल्जियमची सबेना, जर्मनीची एलटीयू, फ्रान्समधल्या एओएम आणि एअर लिबर्टे. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचं आधीच रडगाणं चालू होतं, म्हणजे स्वतःचे पैसे घालून दुसऱ्याचा तोटा घरी आणला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर प्रवासी आटले आणि 2 ऑक्टोबरला स्विसएअरची सगळी विमानं जमिनीवर. विमानं धडधाकट, वैमानिक गणवेशात हजर, प्रवासी तिकीट हातात घेऊन उभे, पण इंधन देणाऱ्यांना रोख हवी होती आणि ती नव्हती. पाठोपाठ 7 नोव्हेंबरला सबेना गेली.

तर तुमच्या 'एक तग धरते, दुसरी मरते' याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं की वाईट काळ आला तेव्हा कुणाच्या गाठीला किती महिन्यांचा पैसा होता.

रात्रपाळी:

वाचनखूण साठवली. ताळेबंद, लिहीत रहा.

जुनंतिकीट:

रोकडीचं पटलं, पण रोकड संपायला सुद्धा काहींना दहा-दहा वर्षं लागतात आणि ते बघणं जास्त क्लेशदायक. पॅन ॲमबद्दल लिहायचा मोह आवरत नाही.

1927 ची अमेरिकी कंपनी. बोईंग 747 जगात सगळ्यात आधी यांनी मागवलं, 1966 मध्ये एकदम 25 विमानांची ऑर्डर, तेव्हाचे 52.5 कोटी डॉलर. जानेवारी 1970 मध्ये न्यूयॉर्क-लंडन अशी 747 ची जगातली पहिली प्रवासी फेरी यांचीच. अहो, चंद्रावर जाणाऱ्या भावी विमानसेवेसाठी नावनोंदणी घेत होते आणि 90 हजारांवर लोकांनी नावं दिली होती, इतका विश्वास!

आणि झालं काय, तर एवढी प्रचंड विमानं हातात आली आणि मंदी आली, 1973 चा तेलाचा भडका आला. त्यात यांची मूळची दुखरी बाजू अशी की अमेरिकेच्या आत यांना जवळजवळ मार्गच नव्हते. परदेशी जायला न्यूयॉर्कपर्यंत यायचं ते दुसऱ्याच कंपनीने, आणि तीच कंपनी 1978 चा मुक्त बाजाराचा कायदा आल्यावर म्हणायला लागली की लंडनलाही आम्हीच नेतो की. मग घाईघाईने देशांतर्गत जाळं मिळवायला 1980 मध्ये नॅशनल एअरलाइन्स विकत घेतली, तीसुद्धा बोली वाढवत वाढवत महागात. दोन्हीकडची विमानं वेगळी, पगाराचे करार वेगळे, सगळा खर्च वरच्या पातळीला नेऊन जुळवला.

यानंतर जे सुरू झालं ते म्हणजे संसार चालवायला एकेक दागिना सराफाकडे नेण्याचा प्रकार. 1981 मध्ये न्यूयॉर्कमधली स्वतःच्या नावाची गगनचुंबी इमारत विकली, त्याच वर्षी इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलं विकली. 1985 मध्ये पॅसिफिकचे सगळे मार्ग 75 कोटी डॉलरला युनायटेडला देऊन टाकले, म्हणजे जपान वगैरे, जिथे पुढे सगळ्यात जास्त वाढ होणार होती तेच. लक्षात घ्या, दरवेळी विकलं ते कमावतं होतं, कारण तोट्यातलं कोण घेणार! 1988 च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर यांच्याच विमानात बॉम्बस्फोट, 270 माणसं गेली, लोक त्या निळ्या गोलाच्या चिन्हाला घाबरायला लागले. मग आखाती युद्ध, तेल परत वर. 1991 मध्ये हीथ्रोचे मार्गही युनायटेडला गेले, राहिलेलं बरंचसं डेल्टाने घेतलं, उरलेल्या छोट्या पॅन ॲमला पैसे पुरवायचं डेल्टाने ठरवलं होतं त्यातून ऐनवेळी अंग काढून घेतलं, आणि 4 डिसेंबर 1991 ला बार्बाडोसहून मायामीला आलेलं एक 727 हे शेवटचं विमान.

बाहेरचे धक्के सगळे खरे आहेत, पण माझं मत विचाराल तर लॉकर्बीच्या आधीच हिचा निकाल लागला होता. हॉटेलं विकून विमानं उडवायला लागलात तेव्हाच काय ते समजावं.

सरळरेषा:

@जुनंतिकीट, मस्त लिहिलंय. पण नॅशनल एअरलाइन्सचा मुद्दा तुम्ही दोन वाक्यांत उरकलात, तोच मला मुख्य वाटतो. दुसरी कंपनी गिळणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे.

आपल्याकडचंच बघा, 2007 साली दोन खरेद्या झाल्या. जेटने 1,450 कोटींना एअर सहारा घेतली आणि किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेऊन पुढे ती पोटात घातली. का घेतली? तर तेव्हा नियम होता की देशात 5 वर्षं उडल्याशिवाय आणि 20 विमानं असल्याशिवाय परदेशी उड्डाणं करता येणार नाहीत. किंगफिशर 2005 ची, डेक्कन 2003 ची, म्हणजे डेक्कनच्या वयावर परदेशाचा दरवाजा लवकर उघडणार. उघडलाही, 2008 च्या सप्टेंबरमध्ये बंगळूर-लंडन सुरू झालं. तेव्हा जगात काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक त्याच महिन्यात कोसळली.

आणि डेक्कनचा प्रवासी कोण, तर जो स्वस्त तिकिटासाठी पाणीसुद्धा विकत घ्यायला तयार होता. त्याला किंगफिशर रेड नावाखाली घेतलं, आता एकाच कंपनीत एक सेवा राजेशाही आणि एक स्वस्तातली, दोन्हीच्या विमानांचा रंग आणि नाव जवळपास सारखं, मग जास्त पैसे देणारा प्रवासी म्हणतो स्वस्तवालीत बसलो तरी नाव तेच आहे की. जेटनेही तेच केलं, जेट, जेटलाइट, जेट कनेक्ट, कुठल्या विमानात खायला मिळणार आणि कुठल्यात नाही हे चढेपर्यंत कळायचं नाही. समोर इंडिगो, एकच नाव, एकच सेवा, तेव्हा जवळपास एकाच जातीची विमानं, त्यामुळे वैमानिक, सुटे भाग, देखभाल सगळं एकाच साच्यातलं.

किंगफिशरची सेवा छानच होती, त्याबद्दल वाद नाही. पण एकाही वर्षी नफा नाही! ऑक्टोबर 2012 मध्ये परवाना निलंबित झाला तोवर कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. आणि बँकांनी कर्जापोटी तारण काय घेतलं, तर त्यात कंपनीचं नाव आणि बोधचिन्हसुद्धा. विमानच उडत नसेल तर त्या नावाची किंमत काय राहणार? लिलावाला कुणी फिरकेना. मुंबई विमानतळाजवळचं किंगफिशर हाऊस 2016 मध्ये 150 कोटी राखीव किमतीला काढलं, ते परत परत लिलाव फसत 2021 मध्ये 52 कोटींना गेलं.

जेटचा शेवट 17 एप्रिल 2019 ला, अमृतसर-मुंबई. त्याआधी बँकांकडे 400 कोटींची तातडीची मदत मागत होते, ती मिळाली नाही. मग नवीन गुंतवणूकदार, मंजूर झालेली योजना, 'लवकरच पुन्हा उड्डाण' अशा बातम्या, आणि शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला.

टर्ब्युलन्स:

मालकांना आणि खरेद्यांना झोडपणं सोपं आहे, गो फर्स्टचं काय म्हणाल? कुणाला गिळायला गेली नाही, थाटमाट नाही, बऱ्यापैकी जपून चालवलेली कंपनी. प्रॅट अँड व्हिटनीची नवी इंजिनं वेळेआधीच काढून दुरुस्तीला पाठवावी लागत होती, बदली इंजिनं मिळेनात, निम्मा ताफा इंजिनाविना उभा. विमान उभं असलं तरी त्याचं भाडं चालूच राहतं बरं का, आणि तेही डॉलरमध्ये. 2 मे 2023 ला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी 2025 मध्ये मोडीत काढायचा आदेश आला. यात व्यवस्थापनाचा काय दोष?

सरळरेषा:

दोष निम्मा. त्याच इंजिनांमुळे इंडिगोचीही डझनावारी विमानं उभी होती, पण त्यांचा ताफा 300 च्या पुढे, हातात पैसा, जास्तीची विमानं भाड्याने आणता आली. ज्याचा ताफा 50-55 चा आहे आणि जवळजवळ सगळा एकाच इंजिनवाल्याच्या भरवशावर आहे त्याला दुष्काळात तेरावा महिना. एकाच जातीची विमानं ठेवायचे फायदे वर मीच सांगितले, त्याची दुसरी बाजू ही.

ताळेबंद:

टर्ब्युलन्स यांनी डॉलरचं काढलंत ते फार महत्त्वाचं आहे. भाडं डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये, इंधनाचा दर डॉलरवर ठरणारा आणि कमाई मात्र स्थानिक चलनात. ब्रिटनच्या लेकर एअरवेजचा बळी यातच गेला. 1977 मध्ये 'स्कायट्रेन' नावाने लंडन-न्यूयॉर्क 59 पौंडात, आरक्षण नाही, रांगेत उभं राहायचं आणि चढायचं. लोकांनी डोक्यावर घेतलं. मग विमानांसाठी डॉलरमध्ये मोठी कर्जं काढली, 1979 मध्ये शिकागोला एक डीसी-10 कोसळल्यावर त्या जातीची सगळी विमानं काही आठवडे जमिनीवर बसवली गेली आणि यांच्याकडे लांबच्या मार्गांवर तीच होती, 1981 मध्ये पौंड घसरला, त्यात मोठ्या कंपन्यांनी त्याच मार्गावर भाडी पाडली. 5 फेब्रुवारी 1982 ला खेळ खलास. नंतर लेकरच्या वतीने या मोठ्या कंपन्यांवर संगनमताचा दावा लावला गेला आणि 1985 मध्ये त्यांनी पैसे देऊन तो मिटवला.

रात्रपाळी:

म्हणजे मेल्यावर न्याय मिळाला.

खिडकीपाशी:

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता उपप्रश्न. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या सगळ्या दिवाळखोरीत गेल्या होत्या ना? मग त्या आजही उडतायत आणि बाकीच्या एका रात्रीत गायब, हा काय प्रकार?

जुनंतिकीट:

तिथल्या कायद्यातलं 'चॅप्टर 11'. कोर्टाच्या छत्राखाली देणी गोठवतात आणि कंपनी उडत राहते, तेवढ्यात जुने भाडेकरार मोडायचे, कामगारांशी नव्याने बोलणी करायची, कर्ज कापून घ्यायचं. युनायटेड 2002 मध्ये गेली, डेल्टा 2005, अमेरिकन 2011, तिघीही सडपातळ होऊन बाहेर आल्या. अर्थात ते सडपातळ होणं कुणाच्या पेन्शनमधून झालं ते कर्मचाऱ्यांना विचारा.

पण ते औषध सगळ्यांना लागू पडत नाही. टीडब्ल्यूए ही तिथलीच कंपनी तीन वेळा दिवाळखोरीत गेली, 1992, 1995 आणि 2001. मधल्या काळातला किस्सा ऐकण्यासारखा आहे. कार्ल आयकान हा गुंतवणूकदार तिचा मालक झाला होता, तो बाहेर पडला तेव्हा कंपनी त्याचं कर्ज देणं लागत होती. ते फेडायच्या बदल्यात 1995 मध्ये करार झाला की बऱ्याच मार्गांवरची तिकिटं त्याने डॉलरला 55 सेंट दराने घ्यायची. करारात एक पळवाट राहिली, त्याने ती तिकिटं इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. म्हणजे टीडब्ल्यूएची तिकिटं टीडब्ल्यूएपेक्षा स्वस्तात तिचाच जुना मालक विकतोय, आणि भाडं वाढवावं तर त्याचंच उखळ पांढरं. कंपनी काय करणार? शेवटी 2001 मध्ये अमेरिकनने घेतली.

टर्ब्युलन्स:

हे माहीतच नव्हतं, कहर आहे!

'विमानं भरलेली' यावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. भरलेलं असणं आणि पैसे मिळणं यात फरक आहे. आयाटाचे (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) अलीकडचे आकडे बघितले तर एका प्रवाशामागे जगभरातल्या कंपन्यांना निव्वळ सुटतात साधारण 6-7 डॉलर, तेही चांगल्या वर्षात. म्हणजे शेवटच्या पाच-सात खुर्च्या कुणी किती पैशात घेतल्या यावर अख्ख्या फेरीचा नफा-तोटा ठरतो. अमेरिकेत 1981 मध्ये पीपल एक्सप्रेस निघाली, भाडं इतकं कमी की विमानं खच्चून भरायची, तिकिटाचे पैसे विमानात बसल्यावर घ्यायचे. 1985 च्या सुरुवातीला अमेरिकनने संगणकाच्या जोरावर एक काम केलं, ज्या खुर्च्या एरवी रिकाम्या जाणार तेवढ्याच पीपलच्या भावात आधी विकायच्या, बाकीच्या ऐनवेळी येणाऱ्या ऑफिसवाल्यांसाठी महाग ठेवायच्या. पीपलकडे असं काही गणित करणारी यंत्रणाच नव्हती, त्यांची प्रत्येक खुर्ची स्वस्तच. दोन वर्षांत, 1987 च्या फेब्रुवारीत, कंपनी कॉन्टिनेंटलमध्ये विरघळली. त्यांनीही मधे फ्रंटियर नावाची कंपनी (आधीच्या जमान्यातली, वरची नव्हे) गिळली होती, त्यामुळे सरळरेषा खूश होतील.

सरळरेषा:

झालो. 😄

पोटमाळा:

सगळं वाचलं, ज्ञानात भर पडली, पण आमच्यासारख्यांचं काय? एका बंद पडलेल्या कंपनीत (नाव घेत नाही, जखम ताजी आहे) आमच्या अख्ख्या कुटुंबाची तिकिटं अडकली. परताव्यासाठी फॉर्म भरला, पोच आली, पुढे शुकशुकाट. तिकीट काढताना आधी ओळखायचं कसं हे कुणी सांगेल का?

ताळेबंद:

खात्रीने नाही ओळखता येत. ब्रिटनच्या मोनार्क या विमान कंपनीने 2 ऑक्टोबर 2017 च्या पहाटे बंद झाल्याचं जाहीर केलं तेव्हा तिचे एक लाखावर प्रवासी परदेशात होते, ब्रिटिश सरकारला विमानं भाड्याने घेऊन त्यांना परत आणावं लागलं. त्यांना कुठे पत्ता होता.

तरी काही खुणा असतात. पगार उशिरा व्हायला लागले अशा बातम्या, भाडं देणाऱ्यांनी विमानं परत नेली, रोज वेगवेगळ्या मार्गांवरच्या फेऱ्या 'तांत्रिक कारणाने' रद्द, विमानतळाने रोख मागितल्याच्या बातम्या, आणि अचानक सहा-आठ महिने पुढच्या तारखांचा भलताच स्वस्त सेल. हा शेवटचा मला सगळ्यात संशयास्पद वाटतो, कारण वर सांगितलं तसं त्यांना आजचा खर्च भागवायला तुमचे आजचे पैसे हवे असतात.

आणि पैसे अडकलेच तर कंपनी मोडीत निघताना प्रवासी रांगेत पार मागे असतो, तारणवाल्या बँका आणि कामगार आधी. म्हणून क्रेडिट कार्डावर घेतलं असेल तर कंपनीच्या फॉर्मची वाट बघत बसू नका, 'सेवा मिळाली नाही' म्हणून थेट बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डावरचा तो व्यवहार उलटवून पैसे परत. त्याला मुदत असते, त्यामुळे आजच फोन करा. तिकीट कसलं काढलं होतंत, कार्डावर की खात्यातून?

पोटमाळा:

निम्मी कार्डावर, निम्मी खात्यातून. करते फोन.